देवघरातली चिनी पाहुणी

प्रिय गौतम,

लग्नाला वर्ष होत आलं, तरी लिंथोईला घेऊन तू रायपूरच्या घरात पाऊल टाकलं नाहीस. कसा टाकशील? सून मणिपूरची, आणि तुझे बाबा, म्हणजे आमचा दादा, सगळ्यांसमोर म्हणाला होता, "चिनी पोट्टी माह्या देवघरात नाही चालत." ते शब्द मलाही अजून टोचतात. पण आज वेगळंच सांगायचंय.

आपल्या देवघरातली लक्ष्मीची तसबीर आठवते ना? निळा झगा, मोत्यांचा मुकुट, माझ्या आजोबांनी कलकत्त्याहून आणलेली. महालक्ष्म्या बसल्या की दादा आधी तिला हळदकुंकू वाहतो, मग त्या दोघींना. तिच्या छातीवरच्या चौकोनातला पक्षी म्हणजे घुबड, लक्ष्मीचं वाहन, असंच आपण मानत आलो. परवा काच तडकली म्हणून तसबीर खाली काढली. माझी मैत्रीण मंजिरी तेव्हा घरीच होती. ती कॉलेजात चित्रकलेचा इतिहास शिकवते. बघताच ती हसत सुटली. म्हणे, अगं, हा बगळा आहे, नवऱ्याच्या हुद्द्याची खूण! ही चीनमधल्या कुणा अधिकाऱ्याची बायको. तिकडे कोण काय नेसतं याचं गोऱ्यांना भारी कुतूहल, म्हणून कॅन्टनचे चित्रकार अशा पोशाखांची चित्रं रंगवून त्यांना विकत.

काचेविना तिला मी प्रथमच पाहिलं रे. तो कागद नव्हेच, झाडाच्या गाभ्याचा पापुद्रा. त्यावर रंग मखमलीसारखा उठून आलेला, बगळ्याचं पीसन् पीस वेगळं. गालांची लाली यावी म्हणून मागच्या बाजूनंही रंग दिलेला. फुंकरीनं उडेल या भीतीनं मी श्वास धरून बसले. कुण्या साहेबासाठी काढलेली बाई समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि पिढ्यान्‌पिढ्या आपला नैवेद्य घेत राहिली!

मला वाटलं, दादा आता तिला माळ्यावर टाकणार. पण त्यानं नवी काच बसवून आणली, स्वतः पुसली, तसबीर होती तिथेच टांगली आणि कुंकू वाहिलं. मग म्हणाला, "मीरे, हिले कधी जात नाही विचारली. मंग त्या पोट्टीले काहून विचारून राहिलो मी?"

फोन करायला त्याची जीभ रेटत नाही, म्हणून मला लिहायला बसवून स्वतः समोर खुर्ची टाकून बसलाय. म्हणतो, "साडीच नेस म्हणून नको लिहू. तिच्याकडे फनेक नेसतात ना, तोच नेसून ये म्हणा." महालक्ष्म्यांच्या जेवणाला आपण सवाष्ण बसवतो, तिला देवीच मानून तिच्या पाया पडतो. यंदा त्या पाटावर लिंथोई बसायची आहे.

तुझीच,
मीराआत्या