कादंबरीतल्या नायकाची आई

प्रिय धम्मानंद,

यंदा बी. ए.ला पुन्हा तीच कादंबरी लागली आहे. वसमतच्या कॉलेजात आपण दोघांनी एकाच प्रतीत वाचली ती. घर, नोकरी, ठरलेलं लग्न सोडून डोंगरातल्या माणसांसाठी निघून जाणारा तिचा नायक मला तेव्हा फार आवडायचा. त्याच्यासारखा बोलतोस म्हणून तर मी तुला होकार दिला होता. पुढं तूही तसाच गेलास, आणि मी बरीच वर्षं तुझ्याऐवजी त्याचा राग केला. आता त्याच कॉलेजात मीच ती शिकवते. राग उरलेला नाही. तो मला ओळखीच्या एखाद्या माणसासारखा वाटतो. कामाचा, हट्टी, स्वतःचं बोलणं स्वतःलाच जास्त आवडणारा.

परवा वर्गात त्याच्या आईच्या मरणाचा भाग आला. भाग कसला, चार ओळी. निरोप येतो, तो डोळे पुसतो आणि शाळेची भिंत बांधायला परत जातो. याच जागी आपण भारावलो होतो. या वेळी मला पुढं शिकवावंसं वाटलं नाही. ती कशानं गेली, जवळ कोण होतं, हे लेखकानं लिहिलेलं नाही. नायकानंही कुणाला विचारलेलं नाही.

तुला ठाऊक नसेल, पण मी अधूनमधून रविवारी शिरड शहापूरला तुझ्या मायकडं जाते. रुक्माबाई परवापरवापर्यंत हळद काढायला जात होत्या. तुझा विषय काढत नाहीत. मी एकदा काढला, तर म्हणाल्या, "लेकरू कामात हाय. त्याला काहून तकलीफ द्यायची?"

हल्ली त्यांना घास गिळवत नव्हता. मी नांदेडला नेऊन दाखवलं. अन्ननलिकेत गाठ आहे, पसरली आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. तुझ्याकडं फोन लागत नाही, आणि तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. ती मोडून लिहिते आहे. मला कसला खुलासा नको. त्या अजून माणसं ओळखतात, पेज घेतात, थोडं बोलतात. पत्र हाती पडेल त्याच दिवशी निघ. आणि आल्यावर करुणानं बोलावलं असं सांगू नकोस. तुझी आठवण आली म्हणून आलो, एवढंच सांग.

एके काळची तुझीच,
करुणा