बैलगाडीच्या धावेच्या पट्ट्या

उस्ताद,

आधीच सांगून टाकतो, आठवण येते म्हणून लिहीत नाही. राग येतो म्हणून लिहितो. तुम्ही गेलात तेव्हा अख्खा मोटार स्टँड तुमच्या तिरडीमागे होता, आणि जो तो म्हणत होता, असा मिस्त्री गोंदियात पुन्हा होणे नाही. मीही मागे चालत होतो, तोंड मिटून. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे, बोलत नाही, लिहितो. आणि मिस्त्रीकामातलं लिहितो आहे, तेव्हा एकही गोष्ट अंदाजाने लिहिणार नाही. अंदाजाची कामं तुमची.

लढाई संपली, लष्कराच्या जीपा लिलावात निघाल्या, आणि लाकडाचे ठेकेदार, तेंदूपत्त्याचे ठेकेदार, एखाददुसरा मालगुजार, अशा लोकांच्या दारात त्या हिरव्या गाड्या उभ्या राहिल्या. सगळ्यांची तक्रार एकच. जंगलात जायचं तर धानाच्या बांध्यांतून जावं लागतं, आणि दोन बांध्यांमधल्या मातीच्या धुऱ्यावर चढली की गाडीचं पोट टेकतं. त्यावर तोड तुम्ही काढलीत, हे मी नाकारत नाही. जीपचे पुढचे स्प्रिंगचे पाटे पुढच्या टोकाला दोन आखूड लोखंडी पट्ट्यांनी चेसिसला टांगलेले असतात. त्या काढून तुम्ही लांब पट्ट्या घातल्यात. लोखंड कुठलं, तर बैलगाडीच्या मोडक्या चाकावरची धाव. भट्टीत लाल करायची, सरळ ठोकायची, भोकं पाडायची. ते काम तुम्ही कुणाला करू देत नव्हता, मलाही नाही. घणावर हात फक्त तुमचा. गाडीचं नाक वर उचललं जायचं, जीप धुरा ओलांडून जायची आणि मालक खूश होऊन म्हणायचा, "उस्तादनं गाडीचा घोडा करून देल्ला!" इथून तिरोड्यापर्यंत उंच नाकाच्या जीपा दिसायला लागल्या. ज्याची उंच नाही तो स्वतःहून तुमच्याकडे यायचा.

माझ्या धाकट्या भावाला चालवायला तुम्हीच शिकवलंत. दुपारी तुमच्या घरी आम्ही सगळे भाताला बसायचो. चुलीपाशी बसून काकी वाढायच्या, भातावर झिंग्यांचा रस्सा, आणि तुम्ही भावाकडे बोट दाखवून म्हणायचात, "ह्याच्या हाताले बघून घ्या. भरला लोटा मांडीवर ठेवून जंगलातून गाडी आणते हा." ते तुमचं रोजचं कौतुक होतं. माझं कधी केलं नाहीत, त्याचं मला काही नाही. मी माझं काम डोळ्यांनी शिकलो, तुमच्या तोंडाने नाही. पण भावाला लाकडाच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर म्हणून लावलंत तेही तुम्हीच, तुमच्या शब्दावर. तो घरी आला तेव्हा जमिनीवर पाय नव्हते त्याचे.

मग तो एके दिवशी ठेकेदाराची उंच नाकाची जीप घेऊन तुमच्या कारखान्यात येतो. अजून डोळ्यांसमोर आहे. उतरल्या उतरल्या तुम्हाला म्हणतो, "उस्ताद, पुढची चाकं मरणाची हालून राहिली. हळू चालवली त काही नाही. सडकेवर जोरात घेतली अन् पुलियाच्या कोरेवर एक चाक आदळलं, का झालं सुरू. स्टेरिंग हातातून पळते. पार उभी करेपर्यंत थांबतच नाही." आणि पुढे तो जे म्हणाला ते तुम्ही ऐकलंच नाहीत, मी ऐकलं. "अन् मोडावर वळवली का चाक पहिल्यासारखं आपल्या मनानं सरळ होत नाही. मलेच ओढून आणा लागते." बिघाड त्याच वाक्यात होता. दवाखान्यात रोग्याने स्वतः रोगाचं नाव सांगावं आणि डॉक्टरने त्याला ताप विचारावा, तसं झालं. तुम्ही म्हणालात, "ढिली झाली असन. कस रे." स्टेअरिंगचा डबा कसला. टाय रॉडचे जोड कसले. स्टेअरिंग इतकं जड झालं की दोन्ही दंड लावून फिरवावं लागायचं. भाऊ पुन्हा आला, तुम्ही पुन्हा कसलंत. तिसऱ्यांदा आला तेव्हा चिडलात. "काऊन बे, सासुरवाडी होय का हे, घडीघडी येऊन राहिला?" सगळे हसले. तोही हसला.

त्यानंतर चोरखमाऱ्याच्या नहराजवळ व्हायचं ते झालं. गाडीत ठेकेदाराचा मुनीम होता, घाई त्याचीच होती. पुलियावर चाक आदळलं, पुढचा भाग पिसाळला, आणि त्या कसून जड केलेल्या स्टेअरिंगने भावाचे हात अक्षरशः झटकून टाकले. जीप धुरा फोडून बांधीत आडवी. मुनिमाचं खांद्याचं हाड मोडलं. भावाला खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच त्याच्या मुळावर आलं. ठेकेदार कारखान्याच्या अंगणात उभा राहून ओरडत होता, गाडीत खोट आहे का ते सांगा. तुम्ही हात पुसले. माझ्याकडे पाहिलं नाही, भावाकडेही नाही. म्हणालात, "शेठजी, गाडी मी तीनदा पाह्यली. गाडी नाही हालत. डायवर हालते. पोराच्या हाताले कंप आहे."

एवढंच. पण तुमचा शब्द म्हणजे स्टँडवर शिक्का होता, हे तुम्हाला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव थरथऱ्या पडलं. चहाच्या दुकानात पोरं त्याच्या हातात कप देऊन बघत बसायची, सांडतो का ते. "सांभाळ रे थरथऱ्या, बशीत पडला!" ठेकेदाराने काढलं ते काढलंच, दुसऱ्या कुणी स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. काकींनी दोनदा जेवायला निरोप धाडला, तो गेला नाही. भात मिलमध्ये पोती उचलायला लागला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ज्या हाताला कंप होता, त्या हातांनी तो अजून धानाची पोती पाठीवर घेऊन फळीवरून चढतो, आणि आजवर एक पोतं खाली पडलेलं नाही.

मी तुमचा कारखाना सोडला आणि कुडव्याच्या वाटेला टिनाचा शेड टाकला. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, चार दिवसांत परत येईल. नाही आलो. माझ्याकडे एक उंच नाकाची जीप आली, तुमच्याच हातची, हुबेहूब त्याच दुखण्याची, आणि मी ठरवलं की कारण सापडेपर्यंत हिला सोडायचं नाही. आता नीट वाचा उस्ताद, हे काम कसं करतात ते. पुढचा भाग जॅकवर उचलला. चाक वर-खाली धरून हलवलं, मग आडवं हलवलं. बेअरिंग ठीक, किंगपिन ठीक. गाडी पुन्हा जमिनीवर ठेवली, एका माणसाला स्टेअरिंग डावीउजवी फिरवत ठेवलं, आणि मी खाली निजून प्रत्येक जोडावर बोट ठेवत गेलो, कारण ढिलेपणा डोळ्याआधी बोटाला कळतो. एकही जोड ढिला नव्हता. पुढचे टायर मागे, मागचे पुढे घातले. हवा पाहिली. सडकेवर नेऊन मुद्दाम पुलियावर आदळली. तीच पिसाट थरथर. आता माझ्या जागी तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आणखी कस.

मी विचार केला की जी गाडी थरथरत नाही तिच्यात काय निराळं आहे. जंगल खात्याची एक जीप क्लचसाठी आली होती, तिला कुणी उंच केलेलं नव्हतं आणि तिची अशी तक्रारही नव्हती. दोन्ही शेजारी उभ्या केल्या. बाजूला भिंतीचं काम चाललं होतं, तिथल्या गवंड्याचा ओळंबा मागून आणला आणि चाकाच्या आत, ज्या उभ्या खिळीवर चाक वळतं त्या किंगपिनच्या वरच्या टोकापासून दोरी सोडली. जंगल खात्याच्या गाडीत वरचं टोक जरा मागे झुकलेलं. तुमच्या गाडीत तेच टोक पुढे. लांब पट्टीने पाट्याचं पुढचं टोक खाली ढकललं, पाटा तिरपा झाला, आणि त्याच्याबरोबर सगळा अ‍ॅक्सल पुढे कलला. मागे झुकलेल्या टोकामुळेच तर चाक आपणहून सरळ येतं. ते पुढे कललं की चाकाला आपली वाट राहत नाही. बांध्यांत हळू चालवली तर काही कळत नाही. सडकेवर जोरात असताना धक्का बसला की ते सुटतं. तुमच्या पट्ट्या काढल्या, आखूड घातल्या, त्याच सडकेवर त्याच पुलियावर त्याच जोरात आदळली. गाडीने नुसतं एकदा अंग झटकलं आणि सरळ चालायला लागली.

तुम्हाला बोलावून आणलं ते शाबासकीसाठी नाही, हे आज तरी ध्यानात घ्या. तुम्ही आलात, पाठीमागे नेहमीची मंडळी. मी दोरी सोडून दाखवली. तुम्ही वाकून पाहिलंत, बराच वेळ पाहिलंत, आणि त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. तुम्हाला समजलं होतं. मग ओळंब्याचा गोळा बोटाने टिचकावून म्हणालात, "हे त गवंड्याचं हत्यार होय बे. गाडी बांधून राहिला का भिंत?" मंडळी खो खो हसली.

मी विचारलं, "अन् माझ्या भावाचा हात?"

"चाय सांग," तुम्ही म्हणालात. "दुधाची."

चहा पिऊन गेलात. पुढच्या आठवड्यात एका लॉरीच्या ड्रायव्हरने मला सांगितलं म्हणून मी मुद्दाम तुमच्या अंगणावरून गेलो. भंगाराच्या ढिगात धावेच्या लांब पट्ट्या पडल्या होत्या, मालकांना तुम्ही हळूच बोलावून एकेक जीप खाली उतरवून देत होतात. त्यांना काय सांगितलंत तेही मला कळलं. पाटे घासून राहिले, म्हणून. म्हणजे गाड्या दुरुस्त झाल्या. लोखंडाची चूक तुम्ही लोखंडात निस्तरलीत, आणि माणसाची तशीच ठेवलीत. ठेकेदाराचं घर तुमच्यापासून किती लांब होतं? विडी पेटवून निघाला असतात तर विझायच्या आत पोचला असतात. "शेठजी, पोराचा हात चांगला होता," एवढं एक वाक्य. ते तुम्ही मरेपर्यंत बोलला नाहीत. छातीत पाणी झालं, बोलता येत नव्हतं म्हणतात शेवटी. त्याआधी येत होतं की.

माझं म्हणणं कुणी ऐकलं नाही असं नाही. मिस्त्री लोक आता माझ्याकडे ओळंबा बघायला येतात. पण त्यांना जीपचं समजतं, भावाचं नाव बदलत नाही. मिस्त्रीच्या भावाची बाजू मिस्त्री घेणारच, असं म्हणतात. आणि ज्याचं नाव तुम्ही घालवलंत तो तुमच्या तिरडीला खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे. मी बाजूला ओढून विचारलं, "कायले रे?" तर म्हणतो, "शिकवलं त त्याईनंच ना दादा." तेव्हा मला तुमचा नाही, त्याचाच राग आला.

आता मी स्वतःची जीप घेतली आहे. जुनी, पण पुढचा प्रत्येक जोड माझ्या हातांनी बसवलेला, झुकाव दोन्ही अंगांनी तपासलेला. रविवारी भाऊ आला. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दादा, तिरोड्यापर्यंत नेऊन आणतो. तू बाजूले बस." इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा मागितली. मी म्हणालो, "थांब थोडा, नवीन बसवली आहे, अजून मीच चालवतो." तो "बरं" म्हणाला, वळसा घालून पलीकडे गेला आणि बसला. रस्ताभर धानाबद्दल बोलत होता.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, तुम्हाला पत्ताच उरलेला नाही. भावाच्या हाती तर मुळीच पडू द्यायचा नाही. कारण रविवारी पुलिया आली तेव्हा मी सडकेकडे पाहत नव्हतो. त्याने हात मांडीवर ठेवले होते, आणि ते हालतात का, ते मी पाहत होतो.