पाय दुखतोय म्हणून सांगितलं

१० नोव्हें., सोम.
आज जिमला गेले. समोरच्या हंसाबेनला सांगितलं, पाय दुखतोय, आता रोज तुझ्याबरोबर चालायला येणार नाही. थाप.
गेल्या आठवड्यात डॉ.नी आम्हा दोघींचे रिपोर्ट बघितले. दोघी जाड, दोघींना बीपी, साखर. म्हणाले, चालणं हृदयाला चांगलंच, पण गप्पा मारत रमतगमत नको, दम लागला पाहिजे. जमलं तर सोबत वजनंही उचला. ह.ची चाल म्हणजे दर चार पावलांना थांबून एक गोष्ट. या चालीने माझं काही व्हायचं नाही असं मनात आलं. तिला 'तूही चल जिमला' म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

१२ नोव्हें.
संध्याकाळी ह. गरम तेलाची वाटी घेऊन दारात. "पाय इकडे लाव ने, मीना." उठाबशांनी मांड्या खरंच भरल्या होत्या, बसता उठता आई आठवत होती. तिने गुडघ्यापासून वर छान चोळून दिलं. मी भिंतीकडे बघत राहिले.

२९ नोव्हें.
जिममध्ये शिकवणारी मनीषा तळासरीजवळच्या उधव्याची. मी तळासरीला ऑफिसात जाते म्हटल्यावर मला गाववाली समजते, सवलत मात्र देत नाही. "ताय, अजून खाली, अजून." शाळेत शिक्षा म्हणून उठाबशा काढल्या, त्या आता पैसे भरून काढते.
सलवारीची नाडी आवळावी लागतेय. खूश होते. जिन्यात ह. भेटली तर लगेच लंगडले. अंगवळणी पडलंय.

१४ डिसें., रवि.
ह. रोज सकाळी पांढरे बूट घालून बाहेर पडते, खिडकीतून दिसते. म्हणजे एकटी का होईना, चालते. बरं वाटलं. तेवढंच माझं पाप कमी.

११ जाने., रवि.
जिमला सुट्टी. सकाळी ह्यांच्याबरोबर किनाऱ्यावर गेले. सुरूच्या झाडांपाशी बाकावर ह. बसलेली. बूट काढून शेजारी ठेवलेले, मांडीवर चिकूची पिशवी. आम्ही कोळणीकडून बोंबील घेऊन परत आलो तरी ती तिथेच.
हे म्हणाले, हाक मार की. मी म्हटलं, राहू दे, ध्यान करत असेल. आणि भराभर पुढे. पाय दुखत नव्हता ना.

७ फेब्रु., शनि.
आज लिहावंसं वाटत नाही.
दोघींची तीन महिन्यांची साखर आली. माझी उतरली, बीपीही. ह.ची चढली. तिची सून सोबत होती. डॉ.नी विचारलं, चालणं चालू आहे ना? ह. सुनेकडे न बघता म्हणाली, "रोज. एक दिवस खाडा नाय." मग मला, तुम्ही काय करता? "वजनं... जिममध्ये."
डॉ. खूश. म्हणाले, बघा, नुसतं चालणं आणि वजनं, फरक समोर आहे. चालूनही साखर चढते म्हणजे गोळी वाढवायला हवी. आणि वाढवली.
मला माहीत होतं ती चालत नाही, बाकावर बसते. तोंड उघडलं नाही.
रिक्षात ह. एवढंच म्हणाली, "पाय बरा छे ने आता?"

८ फेब्रु., रवि.
काल रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, न चालणारीला चालणारी समजून गोळी दिलीय. उद्या ती चालायला लागली आणि साखर एकदम खाली गेली तर?
सकाळी ह.ची सून बाजारात गेल्यावर तिच्याकडे गेले. सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.
"मला खबर हती. जिमच्या जिन्यात तुझी चप्पल होती. पहिल्याच आठवड्यात."
"मग तेल कशाला आणलंस?"
"दुखत होता ने पाय."
मला रडू आलं. तिला नाही.
मग तिचं ती बोलली. एकटीने चालायला कुत्र्यांची भीती वाटते. घरी राहावं तर उठल्यापासून नातवाचा डबा, दूध, इस्त्री. म्हणून बूट घालायचे, बाकावर बसायचं. "सूनबाईला वाटते मी चालते. खरं कळलं तर म्हणेल, बसायचंच तर घरी बस. एवढा एक तास आहे माझा."
मी म्हटलं, गोळी? पाकीट दाखवलं. न फोडलेलं. आजपासून घ्यायची होती, विसरली म्हणे. विसरली नसावी.

९ फेब्रु., सोम.
जिमला गेले नाही. तिच्या दारात बूट घालून उभी. न बोलता बाहेर आली. चाललो, तिच्या चालीने. बाकापाशी म्हणाली, थोडी बस ने. बसले. समुद्राला ओहोटी होती. सांगितलं तिला, उद्याही येईन, परवाही. "बघू," म्हणाली. तिने विश्वास का ठेवावा?
डॉ. दहाला येतात. ऑफिसला रजा टाकली. ठरलंय असं, की डॉ.शी मी बोलायचं, ती फक्त बसणार, आणि सुनेला यातलं काही कळू द्यायचं नाही. यावर तिने मान हलवली. हो की नाही, समजलं नाही.
साडेनऊला निघायचं होतं. पावणेदहा झालेत. पर्स घेऊन बसलेय. समोरचं दार अजून बंद आहे, आतून सुनेचा आवाज येतोय.