आईचा निळा

शिरूर,
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

प्रिय फेथ,

प्रभूच्या कृपेने तुम्ही सारे खुशाल असाल.

नाताळाच्या आधीची ती दुपार आठवते का? आईने अंगणात चुन्याचं पिंप भरलं होतं आणि तू कॉन्व्हेंटच्या गणवेशातच काठीने ते ढवळत होतीस. नीळ टाकायचं काम माझं. "एक चिमूट, हन्ना, एकच!" आई चुलीपासून ओरडत होती. तू मला कोपराने ढोसलंस आणि अख्खी पुडी आत गेली. केवढा मार खाल्ला आपण! पण त्या वर्षी सिस्टर भेटायला आल्या, तेव्हा म्हणाल्या, तुमच्या घरात शिरलं की घोटभर गार पाणी प्यायल्यासारखं वाटतं.

तो निळा मी कधी विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं.

माझं ठीक चाललं आहे. परसातल्या मिरचीला फुलं आली आहेत. हाताची बोटं अधूनमधून बधिर होतात, म्हणून अक्षर असं वाकडं.

तू माझा फोन घेत नाहीस, त्याचा राग नाही. माझ्या जॉनच्या दफनाच्या दिवशी नथानिएल खांदा द्यायला पुढे आला आणि मी चारचौघांत त्याला म्हणाले, "तू लांब हो." तुझा मुलगा, माझ्या मांडीवर जेवलेला. तू कारण विचारलंस. मी दिलं नाही. आज देते.

आमच्या मधल्या खोलीवर पत्रा. निवृत्तीनंतर जॉन दिवसभर तिथेच पडून असायचे आणि उकाड्याने हैराण व्हायचे. मला वाटलं, २०२३ च्या नाताळाला खोली गार निळी करावी, आईची होती तशी. आमचा रंगारी महबूब दुकानातून रंगांची कार्डं घेऊन आला. मी एकेक बाजूला सारत गेले. "बाई, तुम्ही रंग बघताय का सून बघताय?" तो वैतागून म्हणाला. एकही निळा आईचा नव्हता. मग चुनाच भिजवला, नीळ टाकली, पण भिंतीवर फिकी पडली.

तेवढ्यात नथानिएल आला. कुरकुंभच्या केमिकल कारखान्यातली पाळी संपवून थेट आला होता. हसत म्हणाला, "मावशी, आमच्याकडं निळी पावडर पडून हाय. टाकूनच देणारेत. आणू का?"

मी म्हणाले, आण. फेथ, त्याने विचारलं होतं आणि मी आण म्हणाले, हे विसरू नकोस. पावडर चुन्यात पडली तेव्हा फेस आला, दवाखान्यासारखा वास सुटला. महबूबने कुंचा खाली ठेवला. "ह्ये मी न्हाई लावणार, बाई." मग आईचा जुना कुंचा काढून आम्ही मावशी-भाच्यानेच लावलं.

रंग अगदी आईचा उतरला. जॉन म्हणाले, "हन्ना, विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय."

महिन्याभरात त्या खोलीतल्या पाली गेल्या. साखरेचा डबा उघडा राहिला तरी मुंगी फिरकेना. भिंतीला टेकलं की पदराला निळं लागायचं. ईस्टरपर्यंत जॉनची नखं काळवंडली, मग पाय गेले. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही फवारलंय का, कसली पावडर वगैरे? मी नाही म्हणाले. नथानिएलची नोकरी जाईल, हे लोकांना सांगण्याजोगं कारण. खरं कारण हे की, आण मी म्हणाले होते.

तेव्हाच बोलले असते तर कदाचित जॉन असते. आणि दफनात मी त्या अजाण मुलाला ढकललं. त्याला अजून काही ठाऊक नाही.

काल महबूब तुमच्याकडे दौंडला कपाटं रंगवायला गेला होता. परत येऊन उंबऱ्यातच उभा राहिला. "बाई, बाळाच्या खोलीला त्योच निळा हाय. उरलेली पावडर नथानिएलनं जपून ठिवली व्हती म्हनं. आन् तिथंबी मुंग्या न्हाईत."

रविवारी तुझी सून अंजना तान्ह्या बाळाला घेऊन माहेरून येते आहे, असंही तो म्हणाला. फेथ, बाळाला त्या घरात आणू देऊ नकोस. अंजनाला आजच फोन कर. खोली बंद करून तुम्ही सगळे बाहेर पडा. सोबतच्या बाटलीत भिंतीचा खरवडा आहे, तो डॉक्टरांना दाखव आणि नथानिएलला तपासून घे. हात त्याचेही होते.

महबूब दारात थांबला आहे, मोटरसायकलवर तासाभरात तुझ्याकडे पोहोचेल. त्याच्याबरोबर बाकीचंही पाठवते आहे. मी सोमवारी पुण्याला दाखवायला जाणार आहे. परतेन की नाही, ते प्रभू जाणे.

आईचं बायबल तुला. जॉनचं घड्याळ नथानिएलला. मावशीने माफी मागितली आहे, हे सांगून दे. आईचा कुंचा कुणालाच नाही, तो मी पुरला. या घराची किल्ली महबूबकडे राहील. भिंती विटांपर्यंत खरवडून होईपर्यंत ती कुणी मागू नये.

गोधडी बाळाची. मी शिवली, पण महबूबच्या घरी बसून. ती या खोलीत कधीच आलेली नाही.

जिने 'आण' म्हटलं, ती तुझी
हन्ना