माळ्यावरून केलेला परकायाप्रवेश

भाईंदर (पूर्व),
रविवार, ४ ऑक्टोबर १९९८

चिरंजीव धम्मदीप यास,

भाईंदरनिवासी दाजीचा सप्रेम जयभीम. तुझा घसा, तुझी स्कूटर आणि विद्यापीठातील तुझा संगणककक्ष या त्रयीचे आरोग्य कसे आहे, ते सविस्तर कळवावे. (क्रम तुझ्या आस्थेच्या उलट लावला आहे, हे तुझ्या ध्यानी येईलच.) तुझ्या मातोश्री येथे आमच्या छत्राखाली सुखरूप आहेत, रक्तदाब किंचित उंच, स्वर त्याहून उंच. तुझी ताई राजश्री स्वस्थ असून माझ्याशी बोलते आहे. ही दुसरी वार्ता मी आरोग्यवार्तांत का समाविष्ट केली, याचा उलगडा यथावकाश होईल.

मातोश्रींची गाणी तुला बाळपणापासून ठाऊक आहेत. जात्यावर सुचलेली, मोर्चात म्हटलेली, अवघ्या मराठवाड्याच्या धुळीतून फिरलेली आणि कागदाला कधीही न शिवलेली. गेले सहा महिने तुझी ताई मातोश्रींना घेऊन सायंकाळी आमच्या कारखान्याच्या कार्यालयात येई. त्या गात, ही वासंतीच्या संगणकावर टंकित करी. (वासंती ही आमची संगणकचालिका, जुन्या भाईंदरातील होडीवाल्यांच्या घरची, स्वभाव भरतीच्या वेळचा.) अशी एकवीस गाणी सिद्ध झाली. विजयादशमीस, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिनी, इंद्रलोक वसाहतीतील आपल्या विहारात पुस्तिकेचे प्रकाशन ठरले. मातोश्रींना अक्षरओळख नाही. परंतु आपले नाव छापलेले पुस्तक एकदा हातात धरावे, एवढी एकच इच्छा त्यांनी पंचाहत्तर वर्षांत उच्चारली, आणि तीही माझ्यापाशी. काशीगावच्या मुद्रकाने नवमीच्या सायंकाळी पाचपर्यंत मजकूर मागितला होता. तो पोचवण्याचे उत्तरदायित्व मी स्वयंस्फूर्तीने स्वीकारले आणि माझ्या आजन्म व्रतास अनुसरून अंतिम दिवसापर्यंत त्यास स्पर्श केला नाही.

आता विघ्न. नवमी म्हणजे आमच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात यंत्रपूजेचा दिवस. दाबयंत्रे, पॉलिशची चाके, तराजू यांच्या पंक्तीत गेली दोन वर्षे संगणकालाही पाट मिळतो. मी फ्लॉपी घेऊन दुपारी दोन वाजता पोचलो, तो वासंतीच्या विंडोजवाल्या यंत्रावर लाल वस्त्र, पडद्याला झेंडूची माळ आणि कळफलकावर, बरोबर मध्यभागी, एक पाणीदार नारळ. यंत्र मात्र चालू. कारण पूजलेल्या यंत्राला झोपवू नये, असा आमच्या कांतिशेठजींचा सिद्धान्त. मी हात पुढे करताच वासंती कडाडली, “सायेब, हात न्हाय लावायचा हाय! नारळ हाय त्यावर, दिसत न्हाय?” मी शेठजींकडे अपील केले. ते पेढा चघळत म्हणाले, “श्रीपतीभाऊ, आज मशीनची छुट्टी. कल सवेरे मुहूर्त के बाद जे करायचं ते करा ना.” मी म्हणालो, उद्या तर प्रकाशन आहे. त्यावर त्यांनी विचारले, “तो पेहले कायको नहीं किया?” या प्रश्नास षड्दर्शनांत उत्तर नाही. आपल्या अभिधम्मातही बहुधा नसावे.

इतक्यात मला माळ्यावरील यंत्राचे स्मरण झाले. मे महिन्यात तू सुट्टीवर आला असताना ते टाकाऊ यंत्र पाहून हळहळलास, त्यावर लिनक्स नामक प्रणाली चढवलीस, खालच्या संगणकापर्यंत एक काळी तार ओढलीस आणि यंत्राला मंत्रांचा एक पुठ्ठा चिकटवून औरंगाबादेस निघून गेलास. त्या यंत्राची पूजा कोणी केलीच नव्हती! त्याला माउस नाही, चित्रे नाहीत. वासंती त्यास मयत टीव्ही समजते. मी शेठजींसमोर विधिविषयक प्रश्न उपस्थित केला: मी पूजित यंत्रास स्पर्श न करता, अपूजित यंत्रावरून तारेमार्गे याचना केली आणि पूजित यंत्राने बसल्याजागी दान दिले, तर सुट्टीचा भंग होतो काय? शेठजींनी पेढा संपेपर्यंत चिंतन केले. “हाथ नहीं लगाया तो नहीं लगाया,” असा निवाडा झाला. वासंतीने पोटकलम जोडले, “पन नारळ हलला न्हाय पायजे.” आणि ती नारळावर दृष्टी ठेवून समोर स्टूल टाकून बसली.

मी वाट्यांच्या खोक्यांतून मार्ग काढीत माळ्यावर आरूढ झालो. काळ्या पडद्यावर एकच चौकोन लुकलुकत होता. धम्मदीपा, प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी मला मुद्रकाचा विसर पडला आणि केवळ कुतूहल उरले. दोन भिन्न कुळांतील या प्रणाली! फाइलीच्या पत्त्यातील एकीची तिरपी रेघ उजवीकडे कलते, दुसरीची डावीकडे. एकीला नावात मोठे अक्षर की लहान याचे सोयरसुतक नाही, दुसरी त्यावरून ओळख नाकारते. एकाच जिन्यावरील दोन शेजारणींसारख्या त्या आयुष्यभर परस्परांच्या स्वयंपाकाला नावे ठेवतील. तरीही मध्यंतरी विरजणाची वाटी मात्र जा-ये करील, ही व्यवस्था लावणारा तो अज्ञात महापुरुष कोण? (नाव ठाऊक असल्यास कळव. मी त्यास आभाराचे पत्र लिहीन, आणि खाली येणाऱ्या प्रकारानंतर निषेधाचेही.)

पुठ्ठ्यावरील मंत्र मी एका बोटाने उतरवला: दोन तिरप्या रेघा, खालच्या यंत्राचे नाव लक्ष्मी, पुन्हा एक रेघ, सामायिक कप्प्याचे नाव गाणी. यंत्राने परवलीचा शब्द मागितला. तो वासंतीच्या वडिलांच्या होडीचे नाव असून, तिने तो खालून अशा खणखणीत आवाजात सांगितला की आता तो आमच्या पॅकिंग विभागालाही मुखोद्गत आहे. आणि द्वार उघडले! देवीच्या उदरातील सर्व चीजवस्तू माझ्यासमोर ओळीने उभ्या राहिल्या. त्यांत गाण्यांची फाइल, आकार एकसष्ट हजार. खाली नारळ निश्चल.

आता तुझा पुठ्ठा काय म्हणतो? “गेट: तिकडचे इकडे आण. पुट: इकडचे तिकडे ठेव.” वरवर पाहता सुबोध. परंतु इकडे म्हणजे कोठे, याचा तू विचार केला होतास काय? माझा देह माळ्यावर होता, हे मान्य. परंतु मंत्राने मी लक्ष्मीच्या यंत्रात शिरलो होतो. तिच्या वस्तू मला अंतर्भागातून दिसत होत्या. हा निखळ परकायाप्रवेश होय. सबब मी लक्ष्मीत. माझे इकडे म्हणजे खाली. आणि माळा झाला तिकडे. खालची वस्तू माळ्यावर पाठवायची, म्हणजेच इकडची तिकडे ठेवायची. या निर्दोष अनुमानाने मी ‘पुट’ असे खणखणीत उच्चारून लिहिले, पुढे फाइलचे नाव लिहिले आणि कळ दाबली.

यंत्राने तक्रार केली नाही. एक प्रश्नही विचारला नाही. मी पुन्हा यादी मागवली, तो फाइलचा आकार एकोणीस हजार. प्रथम वाटले, तारेतून जाता-येता दमली असेल. मग आठवले की मे महिन्यात तू प्रयोगादाखल हीच फाइल माळ्यावर आणली होतीस. त्या काळी टंकित झालेली गाणी होती सात. ती तुझी सात गाणी, त्याच नावाची, मी समारंभपूर्वक एकवीस गाण्यांच्या छातीवर नेऊन बसवली होती. चौदा गाणी निर्वाणाप्रत गेली. नारळ हलला नाही. वासंतीने खालून विचारलेही, “झाला काय ओ सायेब? नारळ तसाच हाय बघा!”

पाचाला मी सात गाणी काशीगावी पोचवली. घरी येऊन राजश्रीस सांगितले की दोन भिन्न प्रणालींच्या सांध्यात चौदा गाणी विरघळली. ती म्हणाली, “विरघळली म्हणजे? साखर होती का ती?” त्यानंतर दुसऱ्या दिवसाच्या सायंकाळपर्यंत ती काही म्हणाली नाही.

विहारात पुस्तिका मातोश्रींच्या हाती दिली. त्यांनी मुखपृष्ठावर अंगठा फिरवला, आपले नाव कोठे आहे ते मला विचारून तेथे क्षणभर बोट ठेवले, मग पुस्तिका चिमटीत धरून जाडी पाहिली. “लई पातळ झालं की वो,” एवढेच म्हणाल्या. मी भूमीत विवर शोधू लागलो. तोच त्यांनी ध्वनिक्षेपक बाजूला सारला, पुस्तिका पदराखाली घातली आणि उरलेली चौदा गाणी उभ्याने म्हटली, सव्वा तास. वर आणखी दोन म्हटली, ती राजश्रीनेही पूर्वी ऐकली नव्हती. खाली उतरताना मला म्हणाल्या, “जावईबापू, गाणं काय डब्यात ठिवायची चीज हाय व्हय? डबा सांडला म्हून आठवलं बगा.” तेव्हापासून त्या रोज पहाटेपासून गात आहेत, आणि तुझी ताई लिहून घेताना माझ्याशी बोलू लागली आहे.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझा दाजी,
श्रीपती

ता. क. – पत्राचा मूळ हेतू लिहावयाचा राहिला. तुझ्या ताईस तू स्वतंत्र पत्र लिहावेस की भिन्न प्रणालींच्या सांध्यात गाणी विरघळणे हा शास्त्रास ज्ञात असा प्रकार आहे. जमेल तितके दुर्बोध लिही. तुझी पदवी तिला प्रमाण वाटते. माझा विवाह नाही.

ता. क. २ – दसऱ्याच्या मुहूर्तानंतर वासंतीने नारळ उचलला, लाल वस्त्र काढले आणि त्याखाली ठेवलेली, हळदकुंकू लावलेली एक फ्लॉपी काल माझ्या हाती ठेवली. “तुमची गानी. पूजेला काय तरी ठेवायला पायजे ना, म्हनून उतरवून ठेवली व्हती.” एकवीसच्या एकवीस! परंतु मातोश्री सध्या एकतिसाव्या गाण्यावर आहेत, आणि जुनी सापडली असे कळले तर त्या थांबतील. म्हणून फ्लॉपी सोबत जोडली आहे. कुलूपबंद ठेव, आणि कृपया तिला कोठेही ‘पुट’ करू नकोस.

ता. क. ३ – पाकीट चिकटवीत असता मातोश्रींनी गाणे मध्येच थांबवून विचारले, “जावईबापू, वासंती म्हनत व्हती... पुट म्हंजी काय वो?” राजश्रीची लेखणी थांबली आहे. दोघी माझ्याकडे पाहत आहेत. ते दुर्बोध पत्र तारेने पाठव.