फरशीतली जाळी

छत्रपती संभाजीनगर
१० डिसेंबर २०२४

तीर्थरूप तातेराव मामांस,
जान्हवीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला हे ओरडून सांगायचं नाही, म्हणून पत्र.

परवा जुन्या जालन्यात आले, तेव्हा तुळजामामींच्या खाटेशेजारी फरशीत बसवलेली लोखंडी जाळी पाहिली. खालच्या दुकानात राधेश्यामजींची फरसाणाची भट्टी. तिची ऊब वर यावी म्हणून तुम्ही स्लॅब फोडून घेतलात. मामींचं अर्धं अंग लुळं, थंडीत सांधे आखडतात, हे मला कळतं. पण मी दिवसभर इमारतींचे नकाशे तपासते. दुकान आणि घर यांच्यामधल्या स्लॅबला असं उघडं भोक ठेवता येत नाही. ठेवलंच तर आगीच्या वेळी आपोआप मिटणारी झडप लागते. ज्वाळा नंतर येतात मामा, धूर आधी चढतो. मामींना उठून जाता येत नाही. या आठवड्यात जाळी बुजवून घ्या.

रागावलात तरी चालेल, परकी मात्र करू नका.
तुमची,
जान्हवी


जुना जालना
१९ डिसेंबर २०२४

चि. जान्हवीस अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ती हसली अन् म्हणाली, पोरगी लई शिकली. लहानपणी तू माचिसच्या काडीला भ्यायचीस, आता आम्हाला आग शिकवून राह्यलीस.

मागल्या हिवाळ्यात तिचा उजवा हात बिलकुल हलत नव्हता. जाळी केल्यापासून त्याच हातानं कप धरते. खालून वास आला की आज शेव तळली का पापडी, ते बराबर सांगते. पडून असलेल्या बाईला तेवढंच जग. ते मी सिमेंटनं बुजवू काय? राधेश्याम सावध माणूस हाय. थंडी सरली की बघू.

संक्रांतीला ये. मामी वाट बघते, मीबी बघतो.
तुझा मामा,
तातेराव


छत्रपती संभाजीनगर
२८ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामींच्या तेराव्याला तुमच्यासमोर बसले, पण हे न सांगताच परतले.

तुमचं डिसेंबरचं पत्र आल्यावर मी अग्निशमन विभागाला तक्रारीचा अर्ज लिहिला होता. आठ दिवस तो पर्समध्ये घेऊन हिंडले. मामावर तक्रार कशी करायची, म्हणून फाडून टाकला. नोटीस आली असती, तुम्ही वर्षभर माझं तोंड पाहिलं नसतं, आणि मामी आज असत्या. आईलाही हे सांगितलेलं नाही. माफी मागायचा धीर होत नाही.

दोन ओळी तरी लिहा. रागाच्या असल्या तरी.
जान्हवी


जुना जालना
१२ फेब्रुवारी २०२५

चि. जान्हवीस आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी अकराला मी तिचं औषध आणायला गेल्तो. खाली कढईतलं तेल पेटलं. राधेश्यामच्या माणसांनी वाळू टाकून पंधरा मिनटांत विझवलं बी. वर एक ठिणगी आली न्हाई. मी दार उघडलं तर खोलीत आपला हात आपल्याला दिसेना. तिच्या रजईला साधा चटका लागला न्हाई, अन् ती गेल्ती.

तू अर्ज फाडलास. मी तुझं पत्र वाचून घडी घालून ठेवलं. यातला मोठा वाटा माझा हाय. तो तू उचलू नको.

गल्लीत आणखी दोन घरांत अशाच जाळ्या हायत. माझी बघून केल्या. स्लॅब कुठं फोडायचा, ते मीच दाखवल्तं. आता त्यांच्या दारी जाऊन बुजवा म्हणतो. प्रेमलाबाईंनी लगेच ऐकलं. रखमाजी न्हाई म्हणाला, म्हातारी आई गारठेल. माझंच बोलणं मला त्याच्या तोंडून ऐकावं लागलं. मंग त्याला वर आमच्या खोलीत नेलं, भिंतीवरची काजळी दाखवली. तो खाटेजवळ लई येळ उभा राह्यला.

काल त्याच्याकडं गवंडी आला. जाळी निघाली, भोक बुजलं. संध्याकाळी तुझ्या मामीची रजई धुऊन, वाळवून नेली अन् त्याच्या आईच्या अंगावर घालून आलो.

येत जा. घर तुझंच हाय.
तुझा मामा,
तातेराव