नळ्या वधारे

मी, पिलाजीराव गोविंदराव माने, वय चौऱ्याहत्तर, राहणार बडोदे. रासायनिक कारखान्यांसाठी हीट एक्स्चेंजर, म्हणजे एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारी नळ्यांची यंत्रे, आखण्यात माझा जन्म गेला. डोके ठिकाणावर आहे. दुपारी खिडकीशी डुलकी लागते, एवढेच. पुढील व्यवस्था आपखुशीने लिहीत आहे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नी निरुपमा हिला.

२. गणिताची वही मुलगी मोहना हिला. तीही हेच काम करते. बाळ, गढूळ द्रव नळ्यांतून ने, बाहेरच्या कवचातून नको. नळ्या सळईने साफ होतात. भीतीपोटी नळ्या वाढवू नकोस. प्रवाह मंदावतो, गाळ बसतो. हल्ली डुलकीत मला त्या नळ्याच दिसतात. आत गरम, बाहेर गार. दोघे एकमेकांना शिवत नाहीत, तरी ऊब पोचते. मी आतून तरंगत जातो आणि पलीकडच्या टोकाला भास्करराव (कलम ४ पाहा) उभा असतो.

३. जावई दिग्विजय याने शोभेसाठी नेलेली माझी आकडेमोडीची स्लाइडरूल मोहनाला परत करावी. त्याला ती वाचता येत नाही.

४. भास्करराव कदम हा ऑफिसातला माझा मित्र. बाजव्याकडच्या एका कामात माझा आराखडा तपासून त्याने कडेला पेन्सिलीने लिहिले, "नळ्या वधारे." नळ्या कमी पडतील अशी मला आधीच धाकधूक. मी ते "वाढव" असे वाचले आणि साठ नळ्या वाढवल्या. वर्षभरात सगळे गाळाने तुंबले. चौकशीत मी तोच कागद पुढे केला. भास्कररावाला काही न विचारताच त्याची नोकरी गेली.

पुढे एकदा निरुपमा आमटी चाखून म्हणाली, "अहो, आज मीठ वधारे!" माझा घास हातातच राहिला. गुजरातीत वधारे म्हणजे जास्त. नळ्या जास्त झाल्यात, असे तो सांगत होता. जन्म बडोद्यातला, आणि मला हे कळू नये! कळल्यावरही एकवीस वर्षे गप्प बसलो, याची लाज वाटते. चूक माझी होती. हे कलम मोहनाने आमच्या जुन्या ऑफिसला कळवावे.

५. लहरीपुऱ्यात घेतलेली पितळी कंपासपेटी भास्कररावाला. पण वकील म्हणतात, साक्षीदाराला काही ठेवू नये. तेव्हा त्याने पेटी घ्यावी किंवा खाली सही करावी. पेटी घेतली तरी माझा राग नाही. मला मात्र त्याची सही हवी आहे.

बडोदे, ९ फेब्रुवारी २०२५
(सही) पिलाजीराव गो. माने

आमच्यासमक्ष सही केली:
१. (सही) डॉ. नयना पटेल
२. (सही) भास्करराव कदम

दुसऱ्या सहीशेजारी, पेन्सिलीने: तपासले. खेद वधारे. पेटी मोहनाला दे. तू चहाला ये.